समोर जे लटकतं तेच खपतं

या वेळचं पत्र सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून आलंय. पत्र बरंच लांब आहे, त्यामुळे नाव-गाव गाळून थोडक्यात देते.

लिहिणाऱ्या दादांचं वडिलांच्या वेळेपासूनचं किराणा दुकान आहे. रस्ता ओलांडला की जिल्हा परिषदेची शाळा. मधल्या सुट्टीतला आणि शाळा सुटतानाचा धंदा म्हणजे दिवसाच्या गल्ल्याचा मोठा भाग: पाच-दहा रुपयांची वेफर्स-कुरकुऱ्यांची पाकिटं, क्रीमची बिस्किटं, थंड पेयं. मुलगी कराडला बी. फार्म. करते. दिवाळीच्या सुट्टीत घरी आली तेव्हा तिने दुकानातली पाकिटं उलटी करून वाचली आणि लाल स्केचपेनने 'साखर जास्त', 'मीठ जास्त' अशा चिठ्ठ्या करून बरण्यांवर आणि पाकिटांवर चिकटवल्या. गिऱ्हाइकं हसली. डिस्ट्रिब्युटरचा सेल्समन मात्र हसला नाही, हे काढा नाहीतर पुढच्या महिन्यात स्कीम विसरा म्हणून गेला. दादांनी चिठ्ठ्या काढल्या, मुलगी बोलेनाशी झाली, आणि वहिनींचं म्हणणं असं की ज्या दुकानाने फी भरली त्याच दुकानाला ही पोरगी नावं ठेवते. दादा लिहितात: "मी कुणाच्या तोंडात कोंबत नाही. खाणाऱ्याला कळतं काय खातोय ते. मी नाही विकलं तर शेजारचा विकेल. सिगारेटच्या पाकिटावर एवढं भयानक चित्र असतं, माझ्याकडे खप काही कमी झाला नाही, मग बिस्किटावर लेबल लावून काय होणार? मध्ये समोसा-जिलबीवर पण वॉर्निंग येणार होती, आली का? सरकारने आणलं तर बघू. मला मागच्या वर्षी शुगर निघाली, तेव्हापासून मी चहाबरोबर फक्त डायजेस्टिव्ह बिस्कीट खातो, म्हणजे मी काही अडाणी नाही. मुलीचं बरोबर की माझं, तेवढं सांगा."

दादा,

तेवढंच सांगून मोकळी झाले तर दोन ओळीत उत्तर संपेल आणि तुमच्या घरातला अबोला तसाच राहील, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आणि सुरुवात शाळेतल्या पोरांपासून नाही, तुमच्या डायजेस्टिव्ह बिस्किटापासून करते.

तो पुडा आत्ता हातात घ्या आणि उलटा करा. चष्मा लागेल. आधी घटकांची यादी बघा, कायद्याने ती वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावी लागते, म्हणजे जे सगळ्यात जास्त ते सगळ्यात आधी. बऱ्याच पुड्यांवर पहिलं नाव रिफाइंड व्हीट फ्लोअर असतं, म्हणजे आपला मैदा, मग कुठेतरी आटा, तेल, साखर. नंतर त्या छोट्या चौकोनात 100 ग्रॅममागची साखर आणि फॅट बघा. बाजारातल्या बऱ्याच डायजेस्टिव्ह बिस्किटांत साखर 15 ग्रॅमच्या आसपास आणि फॅट 20 ग्रॅमच्या आसपास सापडतं. क्रीमच्या बिस्किटापेक्षा साखर कमी आहे हे खरं, पण शुगर निघालेल्या माणसाने औषधासारखं रोज खावं असं त्यात काही नाहीये. आणि उद्या सेल्समन 'शुगर फ्री' वाला पुडा देईल तेव्हाही लक्षात ठेवा, साखर नसली तरी मैदा असतोच आणि मैद्याची शरीरात शेवटी साखरच होते. किती खायचं ते डॉक्टरांना विचारा, पण पुड्यावरची गव्हाची ओंबी आणि तो तपकिरी रंग बघून ठरवू नका.

हे तुम्हाला चिडवायला लिहीत नाहीये. तुम्ही लिहिलंय की खाणाऱ्याला कळतं काय खातोय ते. आता बघा, तुमचं सगळं आयुष्य मालात गेलं, डॉक्टरांनी बजावून सांगितलेलं, घरात फार्मसी शिकणारी मुलगी, आणि एवढं असूनही तुम्ही बिस्कीट निवडलं ते पाकिटाची पुढची बाजू बघून. मग चौथीतल्या पोराला, जे पाच रुपये मुठीत धरून दोन मिनिटं तुमच्या काउंटरशी उभं राहतं, त्याला काय कळणार? त्याच्या आजीला तरी काय कळणार? माहिती मागे असते, बारीक असते, आणि बहुतेक वेळा इंग्रजीत असते, कारण नियम एवढाच आहे की लेबल इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवं, मराठी सक्तीची नाही. त्यातही एक खोच आहे. मोठ्या पाकिटावर 'पर सर्व्हिंग' म्हणून जे टक्के दिलेले असतात त्यातली सर्व्हिंग कंपनी ठरवते, म्हणजे दोन बिस्किटं किंवा मूठभर शेव, आणि ते टक्के 2000 कॅलरी खाणाऱ्या मोठ्या माणसाच्या हिशोबाने काढलेले असतात, सात वर्षांच्या पोराच्या नाही.

याउलट पुढच्या बाजूचा तो हिरवा ठिपका बघा. अक्षर न येणारी म्हातारी पण तो बघून माल घेते, कारण तो पुढे आहे, रंगीत आहे आणि एकच गोष्ट सांगतो. तो फक्त शाकाहारी एवढंच सांगतो हा भाग वेगळा, थंड पेयावर पण असतो आणि वेफर्सवर पण, आणि हिरवं म्हणजे चांगलं असं समजणारी माणसं मला नेहमी भेटतात. सगळा वाद जो चाललाय तो एवढाच आहे की असाच एक सोपा, पुढे लावलेला, न वाचता कळणारा इशारा साखर, मीठ आणि सॅच्युरेटेड फॅट (तूप, लोणी, पामतेलात असतं तसलं फॅट) जास्त असेल तर का नसावा.

हा वाद आजचा नाहीये. शाळांच्या आसपास जंक फूड विकलं जातं म्हणून दिल्ली हायकोर्टात जनहित याचिका झाली होती, त्यातून एफएसएसएआयने, म्हणजे खाद्यपदार्थांचे नियम करणाऱ्या केंद्राच्या संस्थेने, 2014 मध्ये तज्ज्ञांची समिती नेमली. 2018 च्या मसुद्यात साखर-मीठ-फॅट मर्यादेपेक्षा जास्त असेल तर पाकिटावर लाल रंग असं होतं. कंपन्यांनी आरडाओरडा केला, ते बारगळलं. मग 2022 मध्ये स्टार द्यायचं ठरलं, अर्ध्या स्टारपासून पाच स्टारपर्यंत, फ्रीज-एसीला असतात तसे. त्यावर डॉक्टर आणि ग्राहकांच्या संघटना भडकल्या, आणि माझ्या मते त्यांचं बरोबर होतं, कारण स्टारमध्ये बेरीज-वजाबाकी असते. साखरेसाठी मार्क कापायचे आणि थोडे दाणे, थोडं फायबर घातलं की मार्क परत द्यायचे. म्हणजे भरपूर साखरेच्या पदार्थाला पण दोन-अडीच स्टार मिळणार, आणि आपल्याकडे स्टार म्हणजे बक्षीस, बाई शाळेत वहीवर देतात ते. कुणाला वाटणार आहे की दोन स्टार म्हणजे जपून खा? इशाऱ्याच्या लेबलमध्ये असं नसतं, साखर जास्त तर जास्त, दाणे घालून ती कमी होत नाही. 2024 मध्ये साखर, मीठ, सॅच्युरेटेड फॅटचे आकडे ठळक आणि मोठ्या अक्षरात छापायचा प्रस्ताव पण मंजूर झाला होता. एप्रिल 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने तीन महिन्यांत निर्णय घ्या म्हणून सांगितलं, तेव्हा स्टारच्या मसुद्यावर 14 हजारांहून जास्त हरकती-सूचना आलेल्या होत्या, मग जुलैत आणखी तीन महिने वाढवून दिले. आता एवढी वर्षं बघितल्यावर 'सरकारने आणलं तर बघू' या वाक्यावर किती थांबायचं ते तुम्हीच ठरवा. तोपर्यंत 2025 च्या सप्टेंबरात बिस्किटांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 वर आला, फरसाण-नमकीनचा 12 वरून 5 वर. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

समोसा-जिलबीचं पण सांगून टाकते कारण त्याने फार गोंधळ झाला. जुलै 2025 मध्ये बातम्या आल्या की समोसा-जिलबीवर सिगारेटसारखा इशारा येणार, नागपूरच्या एम्सचं नाव त्यात होतं. प्रत्यक्षात केंद्रीय आरोग्य खात्याने सरकारी ऑफिसं आणि संस्थांना पत्र पाठवलं होतं की कँटीन वगैरे ठिकाणी तेल आणि साखर किती असते याचे बोर्ड लावा. कुठल्या गाडीवाल्याच्या समोशावर लेबल लावायचं त्यात नव्हतंच, आणि सरकारला तसा खुलासा करावा लागला. पण बातमी अशी पसरली की लोकांना वाटलं हे आपल्या खाण्यावर उठलेत. पाकिटावरच्या लेबलबद्दल कुणी बोललं की 'मग आमच्या लोणच्या-पापडाला पण लाल शिक्का मारणार का' हा प्रश्न लगेच येतो. मी म्हणते मीठ जास्त असेल तर मारा, काय बिघडलं? लोणचं आपण वाटीने खातो का? बोटभर घेतो, कारण ते खारट आहे हे जिभेला कळतं. बिस्किटातलं मीठ आणि केचपमधली साखर जिभेला तशी कळत नाही, इशारा तिथे कामाचा.

आता सिगारेट. दादा, इथे मी जरा थबकले. शाळा रस्त्यापलीकडे आहे आणि तुम्ही सिगारेट विकताय? शैक्षणिक संस्थेपासून 100 यार्डांच्या आत, म्हणजे साधारण 91 मीटरच्या आत, तंबाखूचा कुठलाही पदार्थ विकायला 2003 च्या कायद्याने बंदी आहे. लेबलांचं नंतर बघू, ते आधी बंद करा, त्यात माझं दुसरं काही म्हणणं नाही.

पण तुमचा मुद्दा सोडत नाही. चित्र असून खप कमी झाला नाही म्हणता. तुम्ही पाकीट विकता की सुटी? बहुतेक सुटीच जात असणार, आणि सुटी सिगारेट घेणाऱ्याला ते चित्र दिसतच नाही, ते तुमच्या ड्रॉवरमध्ये असतं. महाराष्ट्रात सुट्या सिगारेटी-बिड्यांवर 2020 पासून बंदी आहे ती याच कारणाने. भारतात पाकिटाच्या 85 टक्के भागावर चित्र 2016 पासून आलं. त्याच वेळच्या देशभरच्या सरकारी सर्वेक्षणात सिगारेट ओढणाऱ्यांपैकी जवळजवळ 62 टक्के लोकांनी सांगितलं की पाकिटावरचा इशारा बघून सोडायचा विचार मनात आला. विचार आला म्हणजे सुटली असं नाही, मान्य. पण तंबाखूचं व्यसन सोडणं आणि क्रीमच्या बिस्किटाऐवजी दुसरं काहीतरी घेणं यात फरक आहे की नाही? बिस्कीट बदलायला कुणाला व्यसनमुक्ती केंद्रात जावं लागत नाही.

लेबलने काय होतं ते बघायचं तर चिलीचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटतं. तिथे 2016 च्या जूनपासून जास्त साखर, मीठ, सॅच्युरेटेड फॅट किंवा कॅलरी असलेल्या पाकिटावर पुढे काळा अष्टकोन छापावा लागतो, प्रत्येक गोष्टीला वेगळा, म्हणजे एखाद्या पाकिटावर तीन-तीन, चार-चार अष्टकोन. आणि नुसतं लेबल नाही केलं त्यांनी, हा भाग महत्त्वाचा आहे. अष्टकोन असलेला माल शाळेत विकायचा नाही, लहान मुलांना उद्देशून जाहिरात करायची नाही, पाकिटावर कार्टून नाही. सीरियलच्या डब्यांवरचे वाघ-ससे गायब झाले. पहिल्या टप्प्यानंतर तपासलं तेव्हा इशारा असलेल्या गोड पेयांची खरेदी साधारण 24 टक्क्यांनी कमी झालेली होती. सगळं श्रेय त्या अष्टकोनाचं नाही, बाकीचे नियम पण होते. पण दोन गोष्टी अशा झाल्या की त्या तुम्हाला ऐकायला आवडतील. एक, अष्टकोन टाळायला कंपन्यांनी स्वतःहून साखर आणि मीठ कमी केलं, म्हणजे ज्याने लेबल वाचलंच नाही त्याचाही फायदा झाला. दुसरं, तिथल्या आयांशी अभ्यासकांनी बोलून बघितलं तेव्हा कळलं की घरात पोरंच सांगायला लागली होती की हे नको घेऊस, यावर काळं आहे. म्हणजे तुमच्या मुलीने जे केलं ते तिकडे घराघरात चाललंय, फक्त तिथे चिठ्ठी सरकार छापतं. नंतर मेक्सिकोने 2020 मध्ये असेच अष्टकोन आणले, पेरू, अर्जेंटिना पण आहेत.

'मी नाही विकलं तर शेजारचा विकेल' हे खरंच आहे. पण यात तुम्ही धरून चाललाय की पर्याय दोनच आहेत, सगळं विकायचं किंवा दुकानातून काढून टाकायचं. माल काढून टाका असं मी सांगणार नाही, ते सांगणं मला इथे बसून फुकट आहे, हप्ता तुमचा आहे. पण दुकानदारीत विकायचं की नाही याच्याआधी एक गोष्ट असते जी तुम्हाला वडिलांनी शिकवली असणार: समोर जे लटकतं ते खपतं, मागच्या फळीवर जे जातं ते धूळ खातं. कंपन्या तुम्हाला स्टँड फुकट का देतात, फ्रीज का देतात, लड्या दारातच टांगा असा आग्रह का धरतात? कारण त्यांना माहीत आहे की पोराचा हात जिथे पोचतो तिथे पाच रुपये जातात. पाकिटाच्या पुढच्या बाजूसाठी त्या एवढ्या का भांडतात त्याचंही कारण हेच. तुम्ही दुकानाच्या पुढच्या बाजूचे मालक आहात, तिच्यासाठी तुम्हाला कुठल्याच कोर्टाची वाट बघायची गरज नाही.

आणि शाळेच्या आवारात आणि आवारापासून 50 मीटरच्या आत मुलांना जास्त साखर-मीठ-फॅटचे पदार्थ विकू नयेत असा एफएसएसएआयचा 2020 चा नियम आहे. कोण तपासतं ते सोडा, पण उद्या एखादा खमका मुख्याध्यापक किंवा पालक उठला तर तुमचं दुकान पहिलं दिसणार, हेही डोक्यात असू द्या.

मी तुमच्या जागी असते तर आधी दारातल्या लड्या आत, गल्ल्याच्या मागे, मोठ्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर टांगल्या असत्या. मागितलं तर द्यायचं, दाखवायचं नाही. दारात आणि काउंटरवर पोराच्या डोळ्यासमोर फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, चुरमुरे, केळी. पाच रुपयांचा पुडा बांधून ठेवा, तयार दिसला पाहिजे, कारण पोरं 'काका पाच रुपयाचे फुटाणे द्या' म्हणून वजनकाट्यासमोर थांबत नाहीत, त्यांना हातात घेऊन पळायचं असतं. वर्तमानपत्राच्या कागदात मात्र बांधू नका, शाई उतरते, कोऱ्या कागदी पिशव्या आणा. सुट्या मालात तुम्हाला एमआरपीच्या पाकिटापेक्षा जास्त सुटतं की नाही ते तुम्ही काढा, बहुतेक सुटत असावं. चिक्की आणि राजगिऱ्याचे लाडू ठेवा पण ते 'हेल्दी' म्हणून विकू नका, गूळ पण साखरच, शुगर असलेल्या गिऱ्हाइकाला तर मुळीच नाही. थंड पेयाचा फ्रीज कंपनीचा आहे, त्यात तुम्ही बदल करू शकणार नाही, पण तो दारात असायलाच हवा का? आणि उन्हाळ्यात बाहेर पाण्याचा माठ ठेवा, अर्धी पोरं नुसती तहानेने पेय घेतात. पंधरा दिवस करून बघा आणि गल्ला मोजा. पडला तर काय पडलं ते लिहून ठेवा, मग पुढचं बोलू. माझा अंदाज आहे की थोडा पडेल आणि मग बराचसा भरून निघेल, पण अंदाज माझा आहे आणि दुकान तुमचं, म्हणून पंधरा दिवसच म्हणते.

आता चिठ्ठ्यांचं. कंपनीच्या पाकिटावर स्वतःची चिठ्ठी चिकटवायची नाही, तिथे सेल्समनला बोलायला जागा मिळते. बरणी तुमची, फळी तुमची, भिंत तुमची. आणि 'साखर जास्त' असं मत लिहायचं नाही, आकडा लिहायचा, तोही पाकिटावर छापलेला. आकड्यावर कुणी स्कीम बंद करत नाही, आणि केली तर त्याला विचारा की यातलं चुकीचं काय, तुमच्याच पाकिटावरून उतरवलंय. 2023 मध्ये सोशल मीडियावर पाकिटांबद्दल बोलणाऱ्या रेवंत हिमतसिंगकाने बोर्नव्हिटातल्या साखरेवर व्हिडिओ टाकला तेव्हा त्याला कायदेशीर नोटीस आली, त्याला व्हिडिओ काढावा लागला, माफी पण मागितली. पण गोष्ट तिथे थांबली नाही, बालहक्क आयोगाने विचारणा केली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीने साखर साधारण 14 टक्के कमी केली. पुढच्या वर्षी केंद्राने ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं की अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या नावाखाली ठेवू नका. तुमच्या मुलीला हे नक्की माहीत असणार. पण तुमची लढाई एवढी मोठी करायची गरज नाही, गावात एक बोर्ड पुरे.

बोर्ड असा. एक चहाचा चमचा साखर म्हणजे 5 ग्रॅम धरा. पाकिटावर 100 ग्रॅममागे साखर बघायची, पाकिटाचं वजन बघायचं, आणि चमचे काढायचे. समजा 100 ग्रॅमला 30 ग्रॅम साखर आणि पुडा 50 ग्रॅमचा, तर 15 ग्रॅम, म्हणजे तीन चमचे. कोलासारख्या पेयात 100 मिलीला साडेदहाच्या आसपास असते, 250 मिलीची बाटली म्हणजे पाच चमच्यांच्या वर. त्याखाली एक ओळ: दिवसभरात वरून घातलेली साखर 25 ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम, म्हणजे पाच चमचे, सगळं मिळून, घरचा चहा धरून. मिठासाठी सोडियमचा आकडा बघायचा, 400 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 1 ग्रॅम मीठ, आणि मोठ्या माणसाला दिवसाचं 5 ग्रॅमच्या आत हवं, मुलाला त्याहून कमी. इथे प्रामाणिकपणे सांगते, पाच रुपयांच्या वेफर्सच्या एका पाकिटात मीठ फार नसतं कारण पाकिटात वेफर्सच फार नसतात. मिठाचा खरा घोळ झटपट नूडल्समध्ये आहे, तो मसाला सोडियमने भरलेला असतो, आणि ते घरी आया करून देतात. म्हणजे बोर्ड नुसता पोरांसाठी नाही. चिलीने जास्त कशाला म्हणायचं त्याची जी मर्यादा ठरवली तीच मोजपट्टी म्हणून वापरली तरी चालेल: खायच्या पदार्थात 100 ग्रॅमला 10 ग्रॅमच्या वर साखर, 400 मिलिग्रॅमच्या वर सोडियम, 4 ग्रॅमच्या वर सॅच्युरेटेड फॅट, आणि पेयात 100 मिलीला 5 ग्रॅमच्या वर साखर. या पट्टीने तुमच्या दुकानातला निम्म्याहून जास्त बिस्किटांचा रॅक बाद होईल, घाबरू नका, बाद म्हणजे फेकायचा नाही, फक्त मागे सरकवायचा.

2025 मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना साखरेचे बोर्ड लावायला सांगितलंय. समोरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेला ते लागू नाही, पण मुख्याध्यापकांना जाऊन भेटा, विज्ञानाच्या तासाला पोरांनी रिकामी पाकिटं आणायची आणि चमचे काढायचे, कुणीही करू शकतं. हा प्रस्ताव दुकानदाराकडून आला तर त्यांनाही आश्चर्य वाटेल आणि तुमचं दुकान वाईट ठरायच्या ऐवजी कामाचं ठरेल.

मुलीचं. तिची माहिती बरोबर होती, जागा आणि वेळ चुकली. गिऱ्हाइकांसमोर, सेल्समनसमोर बापाच्या दुकानात चिठ्ठ्या लावल्या, न विचारता, तुम्हाला ते लागलं असणार आणि लागणं साहजिक आहे. हे तिला सांगा, रागावून नाही, लागलं एवढंच सांगा. पण फीचा विषय काढू नका, वहिनींनाही तेवढं समजवा. दुकानाच्या पैशावर शिकली म्हणून दुकानाबद्दल बोलायचं नाही असं असेल तर शिकवलं कशाला? आणि मला एक वेगळीच शंका येते. बापाला शुगर निघाली त्याच्या पुढच्याच दिवाळीत पोरगी पाकिटं उलटी करायला लागली. तिला दुकानातल्या पोरांची काळजी असेलही, पण ती आधी कुणाच्या बशीतलं बिस्कीट बघून घाबरली असेल, ते तुम्ही तिला एकदा विचाराच. मी पत्रावरून ओळखू शकत नाही.

जे वाचक दुकानदार नाहीत त्यांच्यासाठी थोडं. 'मल्टिग्रेन', 'नो अ‍ॅडेड शुगर', 'व्हिटॅमिनयुक्त' हे पुढे लिहिलेलं असेल तर पाकीट उलटं करायचंच असं ठरवून टाका, कारण पुढच्या बाजूला जे लिहिलंय ते कंपनीला विकायचंय. यादीत साखर खाली दिसली तरी लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन शोधा, साखर तुकड्यातुकड्यांनी वाटली की खाली सरकते. जुलाब झालेल्या मुलाला टेट्रापॅकमधलं गोड पेय ओआरएस म्हणून देऊ नका. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टर बाई यासाठी कित्येक वर्षं भांडत होत्या, तेव्हा कुठे ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआयने अशा पेयांवर ते नाव छापायला मनाई केली. औषधाच्या दुकानातून डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेली पुडीच मागा. आणि घरात आजी-आजोबा नातवाला बिस्कीट देतात म्हणून त्यांच्याशी भांडू नका, त्यांना तीन चमचे साखर वाटीत काढून दाखवा, आणि मग मुलाला तेवढी नुसती द्याल का विचारा. बहुतेक आज्या नाही म्हणतात. एखादी हो म्हणते, तिथे माझा उपाय चालत नाही.

दादा, बोर्डाचं गणित मुलीकडून करून घ्या, ती कराडला परत गेली असेल तर पाकिटांच्या मागच्या बाजूचे फोटो काढून तिला पाठवा, तेवढं निमित्त पुरेल. रंगवायला द्यायच्या आधी एकदा मलाही पाठवा. 100 ग्रॅमचा आकडा घ्यायचा की सर्व्हिंगचा, तिथे सगळे चुकतात, ते मी तपासून देते.